सोनामुखी: विकणाऱ्याला तिचे काम ठाऊक हवे

काष्ठौषधीच्या दुकानात सोनामुखी नाही, असे सहसा होत नाही. हकीम तिला सनाय मक्की म्हणतात. नाव मक्केचे असले तरी आपल्या बाजारातील बराचसा माल तामिळनाडूच्या तिरुनेलवेली-तुतिकोरिन पट्ट्यातला, काही राजस्थानातला. परदेशी व्यापारात तो ‘तिनेवेल्ली सेन्ना’ या नावाने ओळखला जातो. पण हे पान पोटात जाऊन नेमके काय करते, हे आमच्या व्यापारी बांधवांपैकी थोड्यांनाच सांगता येते.

खरे तर पान स्वतः फारसे काही करीत नाही. त्यातील सेनोसाइड हे द्रव्य (स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल व सहकाऱ्यांनी ते १९४१ साली वेगळे काढले) जठर व लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकते. मोठ्या आतड्यातील जंतू ते फोडतात, आणि त्यातून जे नवे द्रव्य तयार होते तेच आतड्याच्या स्नायूंना चेतवते. स्नायू जोराने आकुंचन पावून मळ पुढे ढकलतात. शिवाय मळातील पाणी कमी शोषले जाते, म्हणून तो सैल राहतो. इसबगोलचे काम निराळे. तो पाण्याने फुगतो, एवढेच.

या सगळ्याला ६ ते १२ तास लागतात. रात्री घेतलेली मात्रा सकाळी लागू पडते. गिऱ्हाइकाला हे सांगितले नाही तर तासाभरात काही झाले नाही म्हणून तो दुसरी पुडी घेतो आणि मग मुरडा व जुलाब यांनी हैराण होतो. जुने हकीम सोनामुखीबरोबर बडीशेप, सुंठ, गुलाबपाकळ्या देत, ते या मुरड्यासाठीच.

‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे काउंटरवरचे वाक्य आम्हाला मान्य नाही. रोजच्या वापराने शरीरातील पोटॅशियम घटते. आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले, पोटात अकारण दुखणारे आणि हृदयाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असलेले, यांना आधी डॉक्टरांकडे पाठवावे. २०२० साली पाकिस्तानात कोरोनावरचा इलाज म्हणून सनाय मक्कीची आवई उठली, भाव भडकले, आणि जुलाबाने अंगातील पाणी घटेल असा इशारा डॉक्टरांना द्यावा लागला. त्या भावात कमावलेला पैसा आम्हाला तरी बरकतीचा वाटत नाही.

आता मालाविषयी. अर्क काढणारे कारखाने पानाचा रंग पाहून थांबत नाहीत, सेनोसाइडचे प्रमाण तपासतात. पानात ते साधारण २ ते ३ टक्के असते. दांड्या, माती, ओल लागलेले पान यांनी ते घसरते आणि माल परत येतो. किरकोळ विक्रीत चिमटीच्या अंदाजाने चूर्ण देणे बंद करावे. प्रौढ माणसाला झोपताना १ ते २ ग्रॅम पान पुरते. तेवढ्याच पुड्या काट्यावर तोलून बांधाव्यात आणि वर ‘रात्री एकदाच’ असे लिहावे.