पंचगंगेकाठचा पोसायडन

वीतभरही उंची नाही. ब्राँझचा, दाढीवाला, अंगावर वस्त्र नसलेला पुरुष. एका पायावर भार टाकून सहज उभा राहिलेला. हातात त्रिशूळ असणार, पण तो आता राहिलेला नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातली ही मूर्ती ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची आहे. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. ती भूमध्य समुद्राच्या काठी घडली आणि इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आली. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेल्या वस्तूंत मला सर्वांत मोलाची कोणती वाटते असं कुणी विचारलं, तर मी तिचंच नाव घेतो.

कोल्हापुरात नदीकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1944-45च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांनी तिथं लक्ष घातलं आणि ब्राँझच्या वस्तूंचा हा साठा उजेडात आला. पाठोपाठ 1945-46मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचं पद्धतशीर उत्खनन केलं. पोसायडनबरोबर रोमन घडणीचे सुरेख सुरया-चंबू होते, आरसा होता, एक उठावाची चकती होती. शिवाय अस्सल आपल्या वळणाचा एक छोटा हत्तीही होता, पाठीवर दाटीवाटीनं स्वार बसलेला.

मी भिंगारला राहतो. आमच्या गावाजवळच 1490मध्ये अहमद निजामशहानं बहमनी फौजेचा पराभव केला आणि चार वर्षांनी शेजारी नगर वसवायला घेतलं; म्हणजे भिंगार नगरपेक्षा जुनं. इथून जवळच भुईकोट किल्ला. 1944मध्ये त्याच किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते, आणि हिंदुस्थान व ग्रीक जगाच्या जुन्या नात्यावर त्यात भरपूर मजकूर आहे. त्याच काळात तिकडे कोल्हापुरात त्या नात्याचा पुरावा जमिनीबाहेर येत होता. हे दोन प्रसंग मला नेहमी एकत्रच आठवतात.

पार्श्वभूमी सांगायला हवी, ती थोडक्यात सांगतो. सातवाहनांचा काळ. मोसमी वाऱ्यांचं गणित जमल्यावर इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून निघालेली गलबतं थेट आपल्या किनाऱ्याला लागू लागली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच, कल्याण, चौल ही बंदरं येतात; पैठण आणि तेर ही आतल्या भागातली गावंही येतात. पैठणहून अकीकासारखे दगड जात, तेरहून कापड जाई, आणि बदल्यात दारू येई, त्यातही इटलीच्या दारूला पहिली पसंती. एवढं पुरे. या व्यापारावर पुस्तकं भरपूर आहेत. मला बोलायचं आहे ते देवांविषयी आणि त्यांच्या प्राण्यांविषयी.

पोसायडन समुद्राचा देव, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण ग्रीकांच्या लेखी तो भूकंपाचा देव होता आणि घोड्यांचाही. त्याला ‘हिप्पिओस’, घोड्यांचा स्वामी, अशी पदवीच होती. ग्रीसमधल्या अर्गोस भागातले लोक लगाम घातलेले घोडे पाण्यात बुडवून त्याला अर्पण करत, असं पॉसेनियस या दुसऱ्या शतकातल्या प्रवाशानं लिहून ठेवलंय. बैलही त्याचाच. क्रीटच्या मिनोस राजासाठी त्यानं समुद्रातून एक देखणा बैल पाठवला. राजानं तो बळी न देता ठेवून घेतला आणि त्या लोभातून बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर जन्मला. डॉल्फिन तर त्याच्या हातावरच दिसतो. इटलीतल्या तारांतो या ग्रीक वसाहतीच्या नाण्यांवर डॉल्फिनवर स्वार झालेला मुलगा आहे. तो पोसायडनचाच पुत्र, गावाचा मूळ पुरुष.

घोडा, बैल, डॉल्फिन. समुद्राच्या देवाला घोडा कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आज माझं मत असं आहे: लाट फुटताना जी ताकद दिसते, जमीन हलताना जी जाणवते आणि उधळलेल्या घोड्यात जी असते, ती एकच आहे असं त्या माणसांना वाटत होतं. पाणी, भूकंप आणि घोडा ही त्यांच्या दृष्टीनं वेगवेगळी खाती नव्हतीच. किल्लारीचा 1993चा भूकंप ज्यांनी अनुभवला त्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडचं नातं मात्र वेगळं आहे. आपला देव प्राण्यावर बसतो. खंडोबा घोड्यावर, त्याच्याबरोबर कुत्रा. शंकर नंदीवर, गणपती उंदरावर. प्राणी देवाचा सेवक, सोबती, आणि त्यालाही नमस्कार होतो. नंदीच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय आपण पिंडीकडे वळत नाही. ग्रीकांकडे प्राणी देवाच्या शेजारी उभा असतो, त्याला बळी जातो, किंवा देव स्वतःच प्राण्याचं रूप घेतो. झ्यूस युरोपाला पळवायला बैल झाला, लीडासाठी हंस झाला. इजिप्तमध्ये तिसरीच तऱ्हा: देवाचं धड माणसाचं आणि डोकं ससाण्याचं, कोल्ह्याचं, सिंहिणीचं. पोसायडनचा त्रिशूळ पाहून कुणी तो शंकराच्या त्रिशुळाशी जोडू लागलं, तर मी थांबवतो. पोसायडनचा त्रिशूळ बहुधा मासे मारायच्या भाल्यावरून आलेला, कोळ्याच्या हातातला. दोघांची कुळं वेगळी.

आता त्या उठावाच्या चकतीकडे वळतो, कारण माझ्या मते या साठ्यातली खरी गंमत तिथं आहे. तिच्यावर पर्सिअस आणि अँड्रोमिडा आहेत. कॅसिओपिया नावाच्या राणीनं समुद्रकन्यांपेक्षा आपली मुलगी सुंदर असल्याची बढाई मारली. पोसायडन चिडला, त्यानं समुद्रातून एक अक्राळविक्राळ जलचर पाठवला. राजकन्या अँड्रोमिडा खडकाला साखळदंडानं बांधली गेली आणि मेदुसाचं डोकं कापून परतणाऱ्या पर्सिअसनं तिला सोडवलं. मेदुसाच्या कापलेल्या मानेतून पंखांचा घोडा, पेगॅसस, उडाला; तोही पोसायडनचंच लेकरू. म्हणजे एकाच साठ्यात देव आहे आणि त्याच्या रागाची गोष्टही आहे. साठा ठेवणाऱ्याला हा धागा माहीत होता की नाही हे मूर्ती सांगत नाही, पण त्या वस्तू ज्या जगातून आल्या तिथल्या मुलांनाही ही गोष्ट पाठ होती.

ही सगळी मंडळी आपल्याही आकाशात आहेत. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळ सरल्यावर, अंगणातले दिवे जरा दूर ठेवून, उत्तर-पूर्वेला पाहा. अमावास्या असल्यानं चंद्राचा अडथळा नाही. पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा म्हणजे कॅसिओपिया, देवयानी म्हणजे अँड्रोमिडा, ययाती म्हणजे पर्सिअस, डोक्यावरचा मोठा चौकोन म्हणजे महाश्व, पेगॅसस. दक्षिणेकडे तिमिंगल, तोच समुद्रातला जलचर. आमच्या भिंगारला छावणीच्या बाजूला अजून अंधार टिकून आहे, तिथून हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. देवयानीतली अंधूक दीर्घिकाही स्वच्छ रात्री दिसते.

कोल्हापुरात पोसायडनची ही मूर्ती कशासाठी होती? पूजेसाठी की शोभेसाठी? काही अभ्यासकांना हा एखाद्या धातूच्या व्यापाऱ्याचा माल वाटतो, कारण वस्तू फार वेगवेगळ्या जातीच्या आहेत. मलाही तेच पटतं. पोसायडनची पूजा दख्खनमध्ये कधी सुरू झाली नाही. लोकांनी घेतलं ते त्याच्या घडणीतलं कौशल्य: स्नायूंचा उठाव, ओतीव काम, सुरईच्या मुठीची नजाकत. तो हत्ती मात्र इथला, आणि इथल्या ब्राँझकाराला हत्ती किती नीट कळत होता हे त्याच्या पायांच्या ठेवणीत दिसतं. पोसायडनकडे पाहून झालं की मी नेहमी हत्तीकडे वळतो.

जे यवन, म्हणजे ग्रीक जगातले लोक, इथं राहिले, ते मात्र बदलले. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. शिलालेख आजही वाचता येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या गावच्या यवनांनी खांब दिले. तिथल्या बहुतेक खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवरचे स्वार आहेत, पण मागच्या बाजूला एका खांबावर स्फिंक्ससारखा, माणसाच्या तोंडाचा प्राणी कोरलाय. दा. ध. कोसंबींनी त्याच्याकडे लक्ष वेधलं होतं. कार्ल्याला गेलात तर मधल्या स्तूपापाशीच थांबू नका, मागे जा, मान वर करा. एकवीरेच्या दर्शनाच्या गर्दीतले फारच थोडे लोक तिथवर पोचतात.

उलट दिशेनं आपणही काही पाठवत होतोच. इटलीत पॉम्पेईच्या एका घरात 1938 मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाव गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीची. तिच्या बहिणी शोभतील अशा मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. त्यांच्याकडून देव आला, आपल्याकडून हत्तीचा दात गेला.

आमच्या नगर जिल्ह्याचं काय, असं विचाराल. नेवाशाला 1954 ते 56 या काळात सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केलं. तिथं रोमन अँफोराचे, म्हणजे दोन कानांच्या उंच दारूच्या कुंभांचे तुकडे मिळाले. जाडजूड खापर, कुंभाची ओळखीची मूठ. इटलीचं किंवा पूर्व भूमध्य प्रदेशातलं द्राक्षमद्य घाट चढून नेवाशापर्यंत आलं होतं.

आणि त्याच प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद. हा विषय भूमध्य समुद्राचा नाही, पण प्राण्यांचा म्हटल्यावर टाळता येत नाही. 1974मध्ये झाडाचं मूळ खोदताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. चारींचं वजन मिळून साठ किलोहून जास्त. हत्ती, गेंडा आणि रेडा यांना चाकं लावायची सोय आहे. रथ तर चाकांचाच. रथाच्या दांड्यावर एक कुत्रा उभा आहे, आणि हाकणाऱ्याच्या पुढ्यात नागाचे फणे आहेत. त्यावरून म. के. ढवळीकरांनी त्याच्यात शंकराचं जुनं रूप पाहिलं. माझं म्हणणं इतकंच की पोसायडनच्या किती तरी शतकं आधी आमच्या जिल्ह्यात कुणीतरी प्राण्यांना एवढ्या भारी धातूत घडवत होतं, आणि त्यांना मिरवणुकीत ओढत नेत असावं. क्रीटच्या राजवाड्यात बैलावरून उड्या मारणारी मुलं रंगवली जात होती, त्याच्या जवळपासचाच हा काळ. त्या वस्तू आज मुंबई आणि दिल्लीच्या संग्रहालयांत आहेत.

आमच्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, घोडदळातून रणगाडे कसे आले ते तिथं दिसतं, आणि बाहेरगावचे लोक ते आवर्जून पाहतात. ते पाहावंच. पण दायमाबाद आणि नेवासा हे शब्द मात्र जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना क्वचितच ठाऊक असतात. ज्या शिक्षकांच्या हाती हा अंक पडेल त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या सहलीत नेवाशाला पैसाच्या खांबाचं दर्शन झालं की मुलांना लाडमोडच्या टेकाडावर न्या, तिथून रोमपर्यंतची वाट नकाशावर दाखवा. जमलं तर त्याच वर्षी कोल्हापूरला, सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलमध्ये, आधी चौकशी करून जा आणि पोसायडन दाखवा म्हणून आग्रह धरा.