नाक, कुंभार आणि काचेची बशी

शूर्पणखेचं नाक इथं कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरी मात्र ही गोष्ट आता कुणी काढत नाही. नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या नाकपुडीवरची खपली बरी होईना. तो कातडीचा कर्करोग निघाला. नाकपुडी काढावी लागली. डॉक्टरांनी कपाळाची कातडी आणि कानाची कूर्चा घेऊन ती पुन्हा बांधली. रोग गेला, पण मावशीचा पदर नाकावरून हटेना.

"नाकासाठी कपाळ दिलं, कान दिला," ती म्हणाली, "आता द्यायला उरलं काय?"

मी तिला पुण्याची हकीगत सांगितली. कावसजी हा इंग्रजी फौजेकडचा मराठा बैलगाडीवान. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभरानं पुण्याजवळच्या एका कुंभारानं त्याला नाक दिलं. मेणाचं नाक चपटं करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधला देठ तेवढा राखला, कारण रक्त तिथूनच मिळायचं. मग कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवली आणि वर काथाच्या पट्ट्या लावल्या. सुमारे पंचवीस दिवसांनी, कातडी रुजल्यावर, देठ तोडला. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं ही हकीगत छापली.

स्वतःचं अंगच स्वतःला मानवतं, हे त्यातलं मर्म. अडचण एवढीच, की एका जागेची भर ती दुसऱ्या जागेची तूट.

ती तूट टाळण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. रुग्ण पाच, वयं ७६ ते ८८, सारे मावशीच्याच दुखण्याचे. नाकाच्या आतल्या पडद्यातून सहा मिलिमीटरचा कूर्चेचा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी काचेच्या बशीत, रुग्णाच्याच रक्तद्रवावर दोन आठवडे वाढवल्या. पुढचे दोन आठवडे कोलॅजेनच्या पातळ पापुद्र्यावर. कूर्चा चाळीसपट झाली! वर्षानंतर पाचही जण नीट श्वास घेत होते. पाचांवरचाच हा प्रयोग. रोजचा इलाज नव्हे. पण कान वाचला.

"आणि वरची कातडी?" मावशीनं विचारलं.

"ती कपाळाची किंवा गालाचीच."

"म्हणजे कपाळ काही सुटत नाही!" मावशी हसली. मग थोडं थांबून म्हणाली, "अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नाक कशाला रे हवं होतं त्याला?"

"चारचौघांत जायला."

ती काही बोलली नाही. भाऊबीजेला मी गेलो, तेव्हा दारात ओवाळायला तीच उभी होती. पदर खांद्यावर होता.