लाटांच्या राज्यातील फलनाचा बंदोबस्त

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली, की पुढील फवारण्यांत ‘सीविड’ म्हणून जो काळपट अर्क मिसळला जातो, तो पुष्कळदा उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावरील ॲस्कोफायलम नामक तपकिरी शैवलाचा असतो. परंतु त्या शैवलाचे स्वतःचे फलन कोणत्या शिस्तीने चालते, याची वार्ता गोदाकाठी क्वचितच पोहोचते.

द्राक्षाचा पराग त्याच फुलातील कुक्षीवर पडू शकतो. या शैवलाला मात्र आपल्या अंडपेशी व शुक्रपेशी उघड्या समुद्रात सोडाव्या लागतात. अशा अंडपेशी शुक्रपेशींच्या संयोगाविना वाढत नाहीत, हे ग्यूस्ताव थ्यूरे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५४ च्या सुमारास ॲस्कोफायलमच्या फ्युकस या भाऊबंदावर प्रयोग करून सिद्ध केले.

पहिली तजवीज वेळेची. पाणी संथ असले, की प्रकाशात अन्न तयार करणाऱ्या फ्युकसच्या अंगालगतचा विरघळलेला कार्बन संपत येतो, आणि तो तुटवडा हीच बीजपेशी सोडण्याची इशारत ठरते. पाणी खवळलेले असता कार्बनचा पुरवठा अखंड राहतो आणि विसर्जन तहकूब होते.

दुसरी तजवीज गंधाची. ॲस्कोफायलमची अंडपेशी फिनावारीन, तर फ्युकसची फ्युकोसेराटीन नावाचे बाष्पशील हायड्रोकार्बन पाण्यात सोडते, आणि दोन कशाभिका हलवीत शुक्रपेशी तिकडे वळतात. फ्युकसच्या निरनिराळ्या जातींत हा गंध सामाईक असल्याने परक्याची पारख अंडपेशीच्या पृष्ठावरील शर्करायुक्त प्रथिनांकडे सोपविलेली असते.

तिसरी तजवीज सर्वांत कडक. दोन शुक्रपेशी आत शिरल्या तर गर्भ जगत नाही. म्हणून फ्युकसमध्ये पहिलीचा प्रवेश होताच सोडियमच्या आयनांच्या आधाराने पेशीपटलाचा विद्युद्दाब काही सेकंदांत पालटतो आणि इतरांस मज्जाव होतो, व पुढील काही मिनिटांत पेशीभित्तिका उभी राहून तो हुकूम कायम होतो.

एवढा बंदोबस्त असल्यामुळे फ्युकसच्या बहुतेक अंडपेशी फलित होतात. खरी हानी होते ती नंतर, कारण खडकावर चिकटू पाहणाऱ्या कोवळ्या अंकुरांना लाटा खरवडून नेतात आणि गोगलगाई फस्त करतात. ॲस्कोफायलमची नवी रोपे तर फारच विरळा तगतात. म्हणूनच अर्कासाठी हे शैवल कापताना बुंधा राखण्याचा दंडक आहे. कापलेल्या जागी उद्याचे पीक येते ते मुख्यत्वे त्या बुंध्याच्या फुटव्यातून.