व्यवसायबंधूंची वर्गणी

एखाद्या तरुण ग्रंथपालाचा, तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिकेचा किंवा संगणकतज्ज्ञाचा निबंध परिषदेने स्वीकारल्याचे पत्र येते, घरी पेढे वाटले जातात, आणि त्याच पत्राखालचा नोंदणीशुल्काचा आकडा वाचताच तो आनंद ओसरतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. अशा वेळी सहकाऱ्यांनी आपसांत थोडेथोडे द्रव्य जमवून त्या एकाला परिषदेस धाडावे, ही चाल अलीकडे अनेक व्यवसायांत रुजू लागली आहे. तिला क्राउडफंडिंग हे नाव नवे असले तरी आपला ‘वर्गणी’ हा शब्द तिला अधिक शोभतो. वर्षाला माणशी एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाड्यास काचेचा कारखाना निघाला, त्या प्रदेशात या कल्पनेची महती पटवून देण्याचे कारण नाही.

शुल्क जड का होते, हे मात्र समजून घेतले पाहिजे. सभागृहाचा बयाणा आयोजकांना कित्येक महिने अगोदर द्यावा लागतो. त्यासाठी रोकड हाती यावी म्हणून लवकर नाव नोंदविणारास ते सवलत देतात. परिणाम असा होतो की, ज्याच्या गाठीस पैसा आहे त्यास शुल्क कमी पडते आणि जो मंजुरीच्या कागदाची वाट पाहत बसतो त्यास अधिक. त्यातच बहुतेक कचेऱ्यांची रीत अशी की, खर्च प्रथम पदरचा करावा, पावत्या जोडून अर्ज रुजू करावा आणि प्रतिपूर्ती होईल तेव्हा होईल. कायम नोकरास क्वचित तसलमात तरी मिळते. कंत्राटी माणसाच्या नावे ती कोण काढणार? म्हणून सहकाऱ्यांच्या वर्गणीचे खरे मोल, माझ्या मते, रकमेपेक्षा ती वेळेवर हाती पडण्यात आहे.

याचे एक जुने उदाहरण सर्वांच्या परिचयाचे असूनही या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. 1893 साली शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्मपरिषदेस स्वामी विवेकानंद गेले, ते मद्रासमधील अळसिंग पेरुमाळ या शाळामास्तरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी घरोघर हिंडून, मुख्यतः मध्यम स्थितीतील गृहस्थांकडून, जमविलेल्या पैशाच्या बळावर. 31 मे रोजी स्वामी मुंबईहून निघाले आणि जुलैअखेर शिकागोस पोहोचले, तेव्हा त्यांना कळले की परिषद सप्टेंबरात आहे, प्रतिनिधीस अधिकृत शिफारसपत्र लागते आणि नावे नोंदविण्याची मुदतही टळली आहे. ऑगस्टच्या 20 तारखेस त्यांनी अळसिंग यांना लिहिलेल्या पत्रात हिशेब आहे: निघताना दिलेल्या 179 पौंडांपैकी 130 उरले असून रोज सरासरी एक पौंड खर्च होत आहे. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी परिषदेच्या चालकांना शिफारसपत्र लिहिले आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले, म्हणून 11 सप्टेंबरला ते व्यासपीठावर बसू शकले. वर्गणी गोळा करणारांची निष्ठा अलोट होती; पण परिषदेचे नियम, मुदत आणि मुक्कामाचा खर्च यांची आगाऊ चौकशी झाली असती, तर परमुलखातील ते उपासमारीचे भय टळले असते.

आजच्या काळात ही व्यवस्था विचारपूर्वक बसविलेली मला आढळली ती पायथन या संगणकभाषेच्या उपासकांमध्ये. 2003 साली अमेरिकेत सुरू झालेल्या त्यांच्या पायकॉन परिषदेने अनेक वर्षे असा दंडक पाळला की, वक्ता असो वा आयोजक, नोंदणीशुल्क प्रत्येकाने भरावयाचे. आणि ज्याला ते झेपत नाही त्याने विनासंकोच अर्ज करून साहाय्य घ्यावयाचे. सर्वांनी भरावयाचे म्हटल्यावर मानाच्या माणसाची माफी संपते आणि वाचलेला पैसा गरजूकडे वळविता येतो. त्याच परिषदेत पायलेडीज या महिलामंडळासाठी लिलाव होतो. उपस्थितांनीच दिलेल्या वस्तू उपस्थितच चढत्या बोलीने घेतात. घेणारा आणि देणारा एकाच पंगतीत बसलेले असल्यामुळे या व्यवहाराला दानाची उंचनीचता शिवत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे असा निधी उभारताना अर्जदाराचे नाव व त्याची सांपत्तिक स्थिती दोघातिघांच्या मंडळापलीकडे जाऊ देऊ नये. गरिबीचे जाहीर वर्णन केल्याखेरीज पैसा मिळत नसेल, तर स्वाभिमानी माणूस घरीच बसणे पसंत करील. शक्य तेथे शुल्क थेट परिषदेकडे भरावे, उरलेली रक्कम पुढील अर्जदारासाठी राखावी आणि जमाखर्च प्रत्येक वर्गणीदारास दाखवावा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या देणग्यांची बेरीज 50,000 रुपयांवर गेली, तर आयकर कायद्याप्रमाणे सबंध रक्कम करपात्र ठरते, याचेही भान ठेवावे. प्रवास, निवास आणि व्हिसा यांची तजवीज शुल्काबरोबरच केली पाहिजे. नाहीतर नाव नोंदलेले आणि माणूस गावीच, अशी अवस्था व्हावयाची.

वाचकांपैकी जे स्थिरपदस्थ आहेत, ज्यांच्या प्रवासाचा खर्च संस्था बिनबोभाट उचलते, त्यांना माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या परिषदेचे पत्रक हाती येताच, सवलतीची मुदत संपण्यापूर्वी, आपल्या शेजारच्या मेजावरील कनिष्ठ सहकाऱ्यास बाजूला घेऊन विचारा की, त्याने निबंध पाठविला आहे काय, आणि जाण्याची सोय झाली आहे काय.