शर्यतीचे इंजिन आणि त्याचे तेल



कामगारांच्या सभेत तेलाचा विषय निघतो तो बहुधा रेशनच्या तेलाचा. आज मला बोलायचे आहे ते इंजिनाच्या तेलाविषयी, आणि तेही शर्यतीच्या इंजिनाच्या. मी काही यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कामात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गॅरेजमधला मिस्त्री माझ्याकडे आला. एका हौशी तरुणाची मोटारसायकल शर्यतीसाठी तयार करण्याचे काम त्याच्याकडे होते. गाडी तयार झाली. पण मूठ पिळली की इंजिन नुसते ओरडे, गाडी काही त्या मानाने पळेना. क्लचच्या प्लेटी जळल्या. नव्या घातल्या, त्याही जळल्या. मालकाने ‘बसवणूक चुकली’ असे ठरवून दोन्ही वेळच्या प्लेटींची किंमत मिस्त्रीच्या पगारातून कापली. मिस्त्री म्हणाला, “माहा हात नाही चुकला भाऊ, पण मालकाले कसं पटवू?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी तेल शिकलो.

तेलाचे काम काय, हे आपल्या शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. बैलगाडीच्या कण्याला वंगण दिले नाही तर चाक करकरते आणि कणा झिजतो. इंजिनातही तेच घडते, फरक वेगाचा. तेथे फिरणारा दांडा बेअरिंगवर टेकलेला नसतो, तो तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो. पडदा फाटला की धातूला धातू लागतो आणि इंजिन जाम होते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. त्या गाड्यांच्या इंजिनांना मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा होती, म्हणजे सेकंदाला ३००! एवढ्या वेगात पडदा टिकवायचा, उष्णता वाहून न्यायची, पिस्टनच्या रिंगांची फट झाकायची आणि जळका मळ आपल्यात सामावून घ्यायचा, इतकी कामे तेलाला एकाच वेळी करावी लागतात.

या कामाला पूर्वी कोणते तेल वापरीत? आपले एरंडेल! लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच. एरंडेल धातूला चिवटपणे धरून राहते आणि पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही तेच घालीत. परंतु गुणाबरोबर दोषही आला. तापून तापून त्याची चिकट राळ होते आणि रिंगा खाचेत अडकून बसतात. शर्यतीनंतर इंजिन उघडून साफ करणाऱ्यास ते चालते. रोज कामावर जाणाऱ्यास चालत नाही. आजच्या शर्यतीच्या तेलांत एस्टर जातीची कृत्रिम तेले घालतात. एरंडेलही रसायनदृष्ट्या त्याच कुळातले.

आता डब्यावरचे आकडे पाहू. ‘१० डब्ल्यू ४०’ यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. आपल्याकडे बर्फ पडत नाही; तेव्हा नुसत्या पहिल्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला तेल किती दाट राहते ते सांगतो. ४० च्या तेलाचा दाटपणा तेथे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, ५० च्या तेलाचा १६.३ ते २१.९. शर्यतीत बेअरिंगमधले तेल याहूनही तापते. म्हणून १५० अंशांवर, तेल जोराने रगडले जात असताना, त्याची आणखी एक परीक्षा घेतात. जाणता मिस्त्री तो आकडाही पाहतो.

मग सर्वांत दाट तेल घालावे काय? नाही. दाट तेल ढवळण्यात शक्ती खर्ची पडते, आणि गार असताना ते अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही. बेअरिंगमध्ये फट किती ठेवली आहे, तेल किती तापते, इंधन कोणते आहे, हे पाहून दाटपणा ठरतो. इंजिन बनवणाऱ्याचे पुस्तक हा पहिला आधार. फेरफार केले असतील, तर ते ज्याने केले त्याचे मत हा दुसरा.

शर्यतीचे तेल भारी, म्हणून ते रोजच्या गाडीतही उत्तम, हा समजही सोडावा. झीज रोखण्यासाठी अशा अनेक तेलांत जस्त आणि स्फुरद यांचे संयुग जास्त घालतात. तेच स्फुरद धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करते. शिवाय मळ धुणारी द्रव्ये त्यांत बहुधा कमी असतात, कारण ते तेल थोड्या शर्यतींनंतर बदलायचेच असते. हजारो किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते परवडत नाही.

आता पुन्हा मिस्त्रीकडे. मालकाने आणलेल्या महाग डब्यावर शर्यतीच्या मोटारीचे चित्र होते. पण मोटारीचा क्लच सहसा इंजिनाच्या तेलाबाहेर असतो आणि बहुतेक मोटारसायकलींचा त्याच तेलात बुडलेला. इंधन वाचावे म्हणून मोटारीच्या अनेक तेलांत घसरण वाढवणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लचच्या प्लेटी एकमेकींना धरीत नाहीत. जपानी मानकसंस्थेने यासाठी ‘जासो एम.ए.’ ही खूण ठरवली आहे. ती असेल तर तेल अशा क्लचला चालते. आमच्या डब्यावर ती नव्हती. उलट इंधनबचतीची ‘रिसोर्स कॉन्झर्व्हिंग’ ही अक्षरे छापलेली होती.

मी डबा मालकापुढे ठेवला. म्हटले, जुने तेल काढा, एम.ए. खुणेचे घाला, प्लेटी याच मिस्त्रीला बसवू द्या; पुन्हा जळल्या तर त्याचा पगार जरूर कापा. प्लेटी जळल्या नाहीत. पुढच्या पगारात कापलेली रक्कम परत आली. माफी कोणी मागितली नाही, पण आता तेल आणण्यापूर्वी मालक मिस्त्रीला विचारतो.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा चित्र पाहू नका. आकडा कोणता, खूण कोणती आणि माझ्या इंजिनाचे काम कोणते, हे तीन प्रश्न विचारा. आणि इंजिन बिघडले, तर मिस्त्रीच्या हाताकडे बोट दाखवण्यापूर्वी एकदा डबा वाचा.