हौसेचा संसार

छांदिष्ट माणसाच्या गोष्टी ऐकायला मोठ्या गोड लागतात. पण त्याच्याशी संसार करणे तितकेसे गोड नसते. माझे थोरले मामा असेच गृहस्थ. नोकरी रेल्वेतली, बिऱ्हाड मिरजेत, आणि जीव तीन ठिकाणी वाटलेला : तंबोरा, कॅमेरा आणि गाणे.

मिरजेत राहून तंबोऱ्याचे वेड लागावे यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार या हत्यारे घडवणाऱ्या कारागिराने तिथे तंतुवाद्ये करायला आरंभ केला आणि त्यांच्या वंशजांनी ती कला पिढ्यान्‌पिढ्या राखली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेलाच येऊन राहिले. ते १९३७ साली वारले, पण दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणे होते. मामा सुट्टीच्या दिवशी कारागिरांच्या ओट्यावर जाऊन बसत, आणि बसता बसता शिकले.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा घरी आला की घराची दैना सुरू होई. तो पाण्यात भिजत घालायचा, कापायचा, आतला गर खरवडायचा, मग तोंड आक्रसू नये म्हणून आत काड्यांचा ताण देऊन वाळवायचा. त्या कुबट वासात मामी स्वयंपाक करीत. पुढे चपड्याच्या पॉलिशचा वास. तो त्यातल्या त्यात बरा!

रात्री निरवानिरव झाली की त्याच स्वयंपाकघराची 'डार्करूम' होई. अॅग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ब्रोमाइड कागदाला तांबडा उजेड बाधत नाही, म्हणून तांबडा दिवा लावायचा; आधी डेव्हलपर, मग हायपो, आणि शेवटी भरपूर पाणी. हे भरपूर पाणी दिवसा नळाला लागलेल्या रांगेतून मामींनी भरून ठेवलेले असे. फोटो वाळले की मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख त्याच लिहीत. आज त्या पेट्या उघडल्या, की फोटोतली माणसे कोण हे आम्हांला कळते ते या अक्षरामुळेच.

१९६८ साली मामांना बढती चालून आली. पण मुंबईला जावे लागणार होते. मुंबईच्या दोन खोल्यांत भोपळे कुठे ठेवणार? मामांनी नकार कळवला. त्यानंतर मामी शेजारपाजारचे शिवणकाम घेऊ लागल्या आणि मुलांच्या फिया त्यातून भागल्या. मामांच्या कौतुकाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत शिवणयंत्राचा उल्लेख एकदाही झालेला नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानसेने इतका अलगद उतरवायचा, की तार त्याला निसटता स्पर्श करीत राहिली पाहिजे; मग सुताचा दोरा तारेखाली सरकवून नेमकी जागा शोधायची. केसभर चूक झाली तरी स्वर बसतो. १९९० नंतर मामांना कमी ऐकू येऊ लागले, पण हात शाबूत होता. शाळेच्या सुट्टीत आम्ही भाचरे मिरजेस जात असू, तेव्हाचे हे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मामा ओसरीवर कानस चालवून तार छेडीत, आणि आतून, पोळ्या लाटता लाटता, मामींचा आवाज येई : "अहो, अजून बंद आहे." पुन्हा कानस, पुन्हा तार. "आता खुलली. थांबा!" मामा थांबत. गाण्याचा एक धडाही न घेतलेल्या बाईचा कान तीस-चाळीस वर्षांत स्वयंपाकघरात बसून तयार झाला होता.

मामा २००४ साली गेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वृत्त मी मामींना वाचून दाखवले. त्या प्रसन्न हसल्या. तेव्हा मी धीर करून विचारले, "मामी, त्या बढतीचे कधी वाईट वाटले का?"

"वाटले की! अजून वाटते," त्या म्हणाल्या. "चार खोल्यांचे घर झाले असते. पण कुणाचा तंबोरा नीट लागलेला नसला ना, तर त्याचे जास्त वाटते."

मग कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पंचमाची तार उतरली आहे. जरा चढव."