अनवाणी कप्तान

माहीमच्या किनाऱ्याला ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते आणि पोरं चेंडू घेऊन उतरतात. पायांत काही नाही. आमच्या वाड्यांतून हिंडणारे गुरांचे एक डॉक्टर कधीमधी त्यांच्यात घुसायचे; अडलेली गाय मोकळी करून, खांद्यापर्यंत हात धुऊन थेट मैदानात. फुटबॉल आणि डॉक्टरकी हा जोड तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. तो शोधत गेलो आणि भेटले तालिमेरेन आओ. ते माणसांचे डॉक्टर, पण कप्तान होते थेट भारताचे!

जन्म 28 जानेवारी 1918, नागा टेकड्यांतल्या चांगकी गावी. वडील धर्मोपदेशक. पोरानं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. 1935 मध्ये वडील विषमज्वरानं गेले. आओंचं शिक्षण जोरहाट, गुवाहाटी आणि मग कोलकात्याचं कारमायकेल मेडिकल कॉलेज. तिथं शिकता शिकता आओ मोहन बागानकडून खेळू लागले. हे सगळं भरभर उरकतो, कारण मला पोचायचंय ते 31 जुलै 1948 ला.

दोनच दिवसांपूर्वी वेम्ब्लीवर ऑलिम्पिकच्या संचलनात तिरंगा धरला होता आओंनी. आता लंडनजवळ इलफर्डच्या मैदानावर समोर फ्रान्स. आपले बहुतेक गडी अनवाणी, काहींच्या घोट्यांना नुसत्या पट्ट्या. यात बिचारेपणा शोधणाऱ्यांचं मला पटत नाही. उघड्या पायाला चेंडू नीट कळतो, वळवता येतो. सराव होता तो, गरिबी नव्हे. फ्रान्सनं पहिला गोल केला, सारंगपाणी रामननं फेडला. एकाला एक! आणि आपल्याला मिळालेल्या दोन्ही पेनल्ट्या वाया गेल्या: एक शैलेन मन्नाची, दुसरी महावीर प्रसादची. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सनं दुसरा गोल मारला, 2-1. त्या पेनल्ट्यांची हळहळ मला अजून वाटते, सामना झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो तरी.

बुटांबद्दल पत्रकारांनी छेडलं तेव्हा, आम्ही पायानं खेळतो, तुम्ही बुटानं, अशा अर्थाचं उत्तर आओंनी दिलं म्हणतात. राजा सहाव्या जॉर्जनं मन्नाचे पाय लोखंडाचे तर नाहीत ना, हे पाहिल्याचीही गोष्ट आहे. खरीखोटी देव जाणे, मी मात्र प्रत्येकाला सांगतो. 1950 च्या विश्वचषकाला आपण बुटांपायी मुकलो, ही मात्र निव्वळ लोणकढी. आपल्या फुटबॉल संघटनेला त्या स्पर्धेचं मोल कळलं नाही, हे मन्नांनीच पुढं सांगितलंय. बूट खऱ्या अर्थानं आले 1952 नंतर. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं 10-1 असं झोडपलं, तेव्हा कुठं डोळे उघडले.

आओंना आर्सेनलकडून बोलावणं होतं असं सांगतात. ते गेले नाहीत. एमबीबीएस अजून व्हायचं होतं. 1950 मध्ये ते झालं. मग ईशान्येतली सरकारी इस्पितळं, कोहिमा आणि नागालँडच्या आरोग्य खात्याचं संचालकपद. 1978 मध्ये निवृत्त झाले, 13 सप्टेंबर 1998 ला वारले. रुग्णसेवेची वर्षं फुटबॉलच्या वर्षांहून कितीतरी जास्त, आणि मी त्यांना दिल्या चार ओळी. काय करणार, इलफर्डहून पाय निघत नाही.